नातेवाइकांनी बाहेर बसावं

आनंदरावांच्या घरात बैठकीशिवाय पान हलत नसे. आता कोणी म्हणेल, घर आहे की ग्रामपंचायत? तर ज्यांनी वीज मंडळातली उभी नोकरी युनियनच्या सेक्रेटरीपदावर काढली, त्यांच्या घरी दुसरं काय होणार! लेक दीप्तीने बी.एड. करावं की नाही, धाकट्या अंकुशने कळमेश्वरच्या कारखान्यात लागावं की नाही, गच्चीवर खोली काढावी की नाही, इतकंच कशाला, कूलर कोणता घ्यावा, यासाठीसुद्धा इंदोऱ्यातल्या त्या घरात सगळे गोल करून बसत. आनंदराव घसा साफ करून 'जय भीम' म्हणत, विषय मांडत, ज्याला बोलायचं त्याने हात वर करून बोलायचं आणि शेवटी मतदान. "आपल्याले मताचा हक्क भेटला, तो काय पाच वर्षांतून एकदा वापराले?" असं ते म्हणत.

मोठा धम्मानंद कॅन्सरचा डॉक्टर झाला, धंतोलीत त्याचा दवाखाना उभा राहिला, गोंदिया-चंद्रपूरपासून पार बैतूल-छिंदवाड्यापर्यंतची माणसं त्याचं नाव विचारत येऊ लागली, तरी बैठकीत त्याचं मत एकच. कूलरच्या बैठकीत तर तो सपशेल हरला होता.

पण त्या रविवारची बैठक भलतीच होती. घरातल्या एका माणसाला तिचं बोलावणंच नव्हतं आणि बैठक होती नेमकी त्याच माणसाबद्दल. आनंदरावांच्या बायकोला, इंदूबाईंना, मागच्या अंगणात बाजेवर उन्हात बसवलं होतं आणि समोर तुरीच्या शेंगांचं सूप ठेवून दिलं होतं. "तू आराम कर, मायं," असं अंकुश म्हणाला होता. शेंगा सोलणं म्हणजे आराम, हे त्या घरात कोणालाच वावगं वाटलं नाही.

दिवाळीपासून इंदूबाईंचं पोट फुगत होतं. गॅस असेल म्हणून त्या ओवा चावत राहिल्या. नंतर दोन घासांत जेवण पुरे व्हायला लागलं, लुगड्याची गाठ पुढे सरकत गेली, तेव्हा कुठे अंकुशच्या बायकोने, मयुराने, थोरल्या दिराला, धम्मानंदला, फोन केला. पोटातलं पाणी काढलं, स्कॅन झाला, तुकडा तपासायला गेला. अंडाशयाचा कॅन्सर आणि तोही पोटभर पसरलेला. उपाय नव्हता असं नाही. आधी सलाईनमधून औषधं, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषधं. बरा होण्याची खात्री नाही, पण काही बरी वर्षं मिळू शकतात. किती, ते कोणीच सांगू शकत नाही. पहिली सलाईन उद्या, सोमवारी लावायची होती. आणि इंदूबाईंना अजून एवढंच माहीत होतं की पोटात पाणी झालंय.

आता त्यांना सांगण्यात अडचण काय? बाकी जगात अडचण असेल, धम्मानंदच्या दवाखान्यात नव्हती. त्याची रीत सगळ्या धंतोलीला ठाऊक होती. पेशंट आत, नातेवाईक बाहेर. मग तो पाटील असो की पानठेल्यावर बसणारा. टेबलाच्या पलीकडची आपली खुर्ची सोडून तो स्टूल ओढून पेशंटच्या शेजारी बसे आणि पहिला प्रश्न विचारी, "तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?" मग गप्प राही. कितीही वेळ लागो, गप्प राही. त्यानंतर विचारी, किती ऐकायचंय. आणि तेवढंच सांगे, पण सांगे ते खरं. घरच्यांना काय कळवायचं, कोणाला आधी बोलवायचं, हेही पेशंटनेच ठरवायचं. दाराशी अडून बसणारे मुलगे, जावई, मेहुणे हात जोडत, "डॉक्टरसाहेब, त्यांना नका सांगू, ताकदीची सलाईन आहे म्हणा." काही दरडावतही. धम्मानंद म्हणे, "आजार त्यांचा, बातमी त्यांची. तुम्ही चहा घेऊन या." तेवढ्यावरून दोनदा काचा फुटल्या होत्या, पण रीत मोडली नव्हती. मेडिकलला शिकताना त्याने वॉर्डात पाहिलं होतं, की पेशंट सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि पेशंट एकटाच छताकडे बघत पडलेला असतो. तेव्हापासून हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. मुंबईतली मोठ्या पगाराची जागा सोडून तो परत आला तोही ही रीत घेऊनच, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्याने ती घासून घासून शिकवली.

असा हा माणूस गुरुवारी आईला सांगायला म्हणून आला होता. स्टूल ओढलं, शेजारी बसला, तोंड उघडलं. इंदूबाई म्हणाल्या, "जेवला का?" तो म्हणाला, "नाही." दोन भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची भाजी खाऊन तो जसा आला तसा परत गेला. गाडीत बसल्यावर त्याला कळेना, की आपण आलो कशाला होतो आणि केलं काय. तेव्हापासून ते कळेनासं होणं काही सुटलंच नव्हतं.

"जय भीम," आनंदराव म्हणाले. "विषय तुमाले माहीत हाये. इंदूले बिमारीचं नाव सांगाचं का नाही सांगाचं. अंकुशचा ठराव हाये का सांगू नये. बोला."

दीप्तीने हात वर केला आणि अध्यक्षांनी परवानगी द्यायच्या आत बोलायला लागली. शाळेत आठवीचे वर्ग सांभाळणारी बाई ती, तिला कोण थांबवणार. "याच्यात मतदान कायले पायजे, बाबा? दादा लोकाच्या मायले जसं सांगते तसंच आपल्या मायले सांगन. संपला विषय."

"लोकाची माय आन आपली माय एक हाये का?" अंकुश उसळला. "कॅन्सर म्हटलं का ती जेवण सोडन. ऐकून घे, दीप्ती. मी राहतो तिच्यासंग. तुम्ही दोघं सणावाराले येता, लाडू खाता, जाता."

"तू बोलूच नको. खिशात खर्र्याची पन्नी घेऊन फिरते, कॅन्सरले घरी बोलावून राहिला, आन वरून ठराव मांडते."

अंकुशचा हात आपोआप खिशातल्या तंबाखू-सुपारीच्या पुडीवर गेला. "खर्रा मधात कुठून आला?"

"विषयाले धरून बोला," आनंदराव म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा दम नव्हता. मागच्या आठवड्यात माणूस एकाएकी वाकल्यासारखा झाला होता. ते सारखे धम्मानंदकडे पाहत होते. लहानपणी याच पोराकडे पाहून ते वस्तीला सांगत, माह्या घरी डॉक्टर होईन, आणि झालाही. त्याने एकदाचं बोलावं आणि आपण सुटावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

धम्मानंद खिडकीशी बसला होता. खिडकीतून मागचं अंगण दिसत नव्हतं, पण शेंगांचा आवाज येत होता. एक शेंग, थांबणं, दुसरी शेंग. तो आवाज ऐकत असताना दीप्ती काय म्हणाली आणि अंकुश काय म्हणाला, यातलं अर्धं त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. दोघांचंही बरोबर वाटत होतं. अशाने तर कारभारच आटोपला, त्याला वाटलं. आपण असे कधी होतो?

मयुराने हळूच हात वर केला. बैठकीत ती सहसा नवऱ्याच्या बाजूने मत देई आणि चहाला उठून जाई.

"मले एक विचाराचं हाये," ती म्हणाली. "दादा, या औषधानं केस जातीन न?"

"हो," धम्मानंद म्हणाला.

"आईच्या डोक्याले तेल माह्या हातानं लागते. कंगव्यात केसच केस येतीन, तवा त्या विचारतीन, मयुरा, हे काय होऊन राहिलं वं? मी काय सांगू? अंकुश कारखान्यात राहीन, ताई शाळेत, तुम्ही दवाखान्यात. खोटं बोलाले घरी मी एकटी. आन एक दिवस नाही, रोज." ती सरळ धम्मानंदकडे वळली. "माह्याच्यानं नाही होणार. सांगून टाका त्यांले."

अंकुश बायकोकडे बघतच राहिला. "कालपर्यंत तू माह्या बाजूनं होती!"

"काल मी केसांचा विचार नव्हता केला."

दीप्तीने जागा बदलली आणि वहिनीच्या शेजारी जाऊन बसली. या दोघींचं गेल्या उन्हाळ्यापासून, गच्चीवरच्या वाळवणावरून, धड बोलणं नव्हतं. आता दीप्तीने तिचा हात धरला होता. अंकुश एकटा पडला आणि त्याचं तोंड बारीक झालं.

"आता तू बोल न गा, दादा," दीप्ती म्हणाली. "तुह्यी तं रीतच हाये."

सगळे धम्मानंदकडे पाहू लागले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "प्रत्येक केस वेगळी राहते," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने दुसऱ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्याला चीड येई. हा पळ काढायचा रस्ता आहे, असं तो विद्यार्थ्यांना सांगे.

"म्हणजे का?" दीप्तीने विचारलं.

"म्हणजे... थोडं थांबू. पहिली सलाईन जाऊ दे. तिची तब्येत पाहू. तवर ताकदीची सलाईन हाये म्हणू."

ताकदीची सलाईन! याच शब्दांवरून त्याने लोकांना केबिनबाहेर काढलं होतं आणि घरी येऊन जेवताना त्याचे किस्से सांगितले होते. मयुराला ते किस्से पाठ होते. अंकुशलाही होते, आणि म्हणूनच त्याला आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटली. दादा असा बोलतो म्हणजे मायचं काही खरं नाही, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. डॉक्टर वैदेही आली होती. धम्मानंदच्या हाताखाली शिकून आता त्याच्याच दवाखान्यात काम करणारी, रामदासपेठेत राहणारी तरुण डॉक्टर. रक्ताच्या माणसावर आपण उपचार करायचे नाहीत, इतकं शहाणपण धम्मानंदला अजून शिल्लक होतं. आईला तीच बघणार होती आणि घरच्यांना उपचार समजावून सांगायला त्यानेच तिला बोलावलं होतं.

"सर, मी लवकर आले का?" तिने दारातूनच विचारलं.

"या मॅडम, जय भीम," आनंदराव म्हणाले. "बसा. मतदान होऊन राहिलं."

"कशाचं?"

"इंदूले सांगाचं का नाही, त्याचं. तुमाले मत नाही. तुम्ही निरीक्षक."

वैदेहीने सरांकडे पाहिलं. सर फरशीकडे पाहत होते. ती निमूट दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

"सांगू नये म्हणणारे," आनंदराव म्हणाले.

अंकुशचा हात वर गेला, पण अर्ध्यावरच. आणि खिडकीपाशी धम्मानंदचा. त्याला स्वतःचा हात दिसला आणि तो कोणाचा आहे असं क्षणभर वाटलं. खाली घ्यावा म्हटलं तर तो खाली येईना.

"सांगावं म्हणणारे."

दीप्ती आणि मयुरा. दोघींचे हात सरळ.

"दोन आन दोन," आनंदराव म्हणाले आणि थांबले. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत, हा नियम त्यांनीच केलेला. आजवर अशी वेळ आली नव्हती. ते उठले, धम्मानंदच्या समोर जाऊन उभे राहिले. "मले समजावून सांग, बापा. मी तुह्याएवढा शिकलो नाही. तू लोकाच्या मायले तोंडावर सांगते. तुह्यी माय काय त्याईच्याहून कच्ची हाये?"

"नाही, बाबा."

"मंग तुह्यी रीत चुकीची होती?"

"नाही."

"मंग काहून?"

"मले माहीत नाही," धम्मानंद म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं. सकाळी अंघोळ करताना ठरवलं होतं की आज सांगायचंच. येताना वाटेत सदरची कमान ओलांडताना ठरवलं की नको. फाटक उघडताना पुन्हा ठरवलं होतं की सांगायचं.

"मंग मी मत कसं देऊ?" आनंदरावांचा आवाज चढला. "डॉक्टरलेच माहीत नाही तं मी कोणाले विचारू?"

"मले विचारा."

इंदूबाई मधल्या दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, एक पोटाखाली. अंगणातला आवाज कधीचा थांबला होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आज माह्यी हजेरी काहून नाही लागली?" त्यांनी विचारलं. "लग्न होऊन आली तवापासून एक बैठक चुकली नाही माह्यी. दीप्तीच्या वेळेस बाळंतीण होती तं आतून ओरडून मत देल्लं होतं."

"तुह्यी तब्येत..." आनंदराव चाचरले.

"कशाचं मतदान हाये?"

धम्मानंद म्हणाला, "मायं, तुह्या पोटातल्या पाण्याबद्दल."

"पाण्यासाठी मतदान?" इंदूबाई म्हणाल्या.

एरवी सगळे हसले असते. अंकुशच्या तोंडावर हसू येता येता फुटलं आणि तो भिंतीकडे वळून डोळे पुसायला लागला. इंदूबाईंनी ते पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, परक्या डॉक्टरीणबाईकडे पाहिलं, आणि शेवटी मोठ्या मुलाकडे.

"सुभद्रा माहीत हाये न तुले, विहाराच्या मागची?" त्या म्हणाल्या. "तुह्याकडं आली होती, गालाची गाठ घेऊन. मले येऊन सांगे. इंदू, तुह्या पोरानं माह्या नवऱ्याले बाहेर काढलं, पोराईले बाहेर काढलं, अन् माह्याजवळ येऊन बसला. मले विचारलं, तुमाले काय वाटते. म्हणे, जन्मात मले कोणी विचारलं नव्हतं का तुले काय वाटते. खूप रडली म्हणे तुह्यापुढं, अन् मंग हलकी झाली. मी तं आईकूनच घेतलं आजवर. सारी वस्ती सांगते, तुहा पोरगा असा बसते, असा बोलते. मी कवा पाह्यलं नाही. आज मले तसं बसव."

"मायं..."

"सगळे बाहेर बसा," इंदूबाई म्हणाल्या.

"बैठक संपली नाही अजून," आनंदराव म्हणाले.

"तुमची नसन संपली."

आनंदरावांनी आयुष्यात बरेच संप केले होते, मॅनेजर लोकांच्या डोळ्याला डोळा दिला होता. ते मुकाट्याने बाहेर गेले. मागोमाग बाकीचे. मयुराने जाता जाता दार ओढून घेतलं.

धम्मानंदने स्टूल ओढलं. हे काम त्याला येत होतं. हजारो वेळा केलेलं काम ते. शेजारी बसायचं, गुडघे पेशंटकडे, हात मोकळे. "तुले काय वाटते, मायं?" त्याने विचारलं. "काय झालं असन?"

इंदूबाई थोडा वेळ बोलल्या नाहीत आणि तोही गप्प राहिला, शिकवल्यासारखा. "दिवाळीपासून मले वाटून राहिलं, का पोटात काही तरी वस्तीले आलं," त्या म्हणाल्या. "अन् ते भल्याचं नाही. रातची कूस बदलली का तेही बदलते. नाव तू सांगशीन."

अगदी असंच बोलतात माणसं. बहुतेकांना माहीत असतं. पुढचं वाक्य धम्मानंदच्या जिभेवर तयार होतं, साधं, सरळ वाक्य. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, सुभद्रेने सांगितलं ते आता आपल्यालाही मिळणार म्हणून वाट बघत होती.

"थोडी सूज हाये," तो म्हणाला. "औषधानं उतरन."

बाहेर रस्त्यावरून संत्रीवाला ठेला ढकलत, ओरडत गेला.

"गुरुवारी बी तू असाच आलता," इंदूबाई म्हणाल्या. "भाकरी खाल्ल्या अन् पयाला. सुभद्रेले काय म्हटलं होतं तू? आजार तुमचा, बातमी तुमची. मंग माह्यी बातमी तू कायले दाबून बसला?"

"मायं, मले नाही होत." आणि तो रडायला लागला. पन्नाशी ओलांडलेला, गावभर नाव असलेला डॉक्टर, लहान पोरासारखा हुंदके देत रडला. "मी कसं सांगू तुले? मी रोज सांगतो लोकाले. तुले पाह्यलं का सगळं उलटंपालटं होते. मले तुह्यी भीती नाही वाटत. मले माह्यी भीती वाटते. मी सांगतलं का ते खरं होईन."

इंदूबाईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं, चष्मा वाकडा होईपर्यंत. "नाही होत तं नको करू," त्या म्हणाल्या. "पोरगा हायेस. त्यात काय गुन्हा हाये?" मग जरा थांबून, "ते बाई कोण आली?"

"वैदेही. दवाखान्यात माह्यासंग काम करते."

"तिले हे सांगणं-बिंगणं कोणं शिकवलं?"

"म्या."

"नीट शिकवलं?"

"हो," तो म्हणाला. याबद्दल मात्र त्याच्या मनात काही गोंधळ नव्हता.

"मंग तिले आत पाठव. अन् तू बाहेर बस."

"मायं, मी डॉक्टर हाये."

"आज नाही. आज तू पेशंटचा नातेवाईक हायेस," इंदूबाई म्हणाल्या. "उठ."

तो उठला. ओसरीवर पाचही जण बाकावर, पायरीवर, जागा मिळेल तिथे बसले होते. त्याचा चेहरा पाहून वैदेही आपणहून उभी राहिली.

"तिने तुला बोलावलंय," तो म्हणाला, आणि ती आत जायला निघाली तेव्हा दारातच आडवा झाला. "वैदेही, एक मिनिट. जरा... सगळं एकदम नको सांगूस. ती वयस्कर आहे. तो शब्द शक्यतो..."

वैदेहीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती या माणसाला देव मानत होती असं नाही, पण गुरू नक्कीच मानत होती. "सर," ती हळू आवाजात म्हणाली, "जरा बाजूला होता का?"

तो बाजूला झाला. दार लागलं.

आता तिने स्टूल ओढलं असेल. आता विचारलं असेल. आता गप्प असेल. धम्मानंद मनातल्या मनात तिच्याबरोबर चालू लागला, पण तिसऱ्याच पायरीवर त्याचा हिशेब चुकला. आतून काहीच ऐकू येईना. इतका वेळ गप्प? की सांगून झालं? की माय तिलाही जेवायला विचारून बसली? तो दाराजवळ सरकला.

"कान नको लावू, दादा," दीप्ती म्हणाली.

"मी कुठं लावून राहिलो?"

आणखी वेळ गेला. आत कोणी तरी बोलल्यासारखं वाटलं. मग खुर्ची सरकली. मग पुन्हा शांत.

"रडल्याचा आवाज आला का गा?" आनंदरावांनी विचारलं.

"नाही, हासल्याचा," अंकुश म्हणाला.

"हासन कायले?"

धम्मानंदने बहिणीकडे पाहिलं. "काय सांगून राहिली असन वं ती?"

दीप्तीला रागवावं की रडावं कळेना. "आता हे आमाले विचारते का? तुलेच माहीत. डॉक्टर तू हायेस."

"मले काहीच समजून नाही राहिलं," तो म्हणाला, आणि त्याच वेळी त्याला दाराशी अडून बसणारे ते सगळे मुलगे, जावई, मेहुणे आठवले, ज्यांना तो इतकी वर्षं चहा आणायला पाठवत होता. ते अडाणी नव्हते. त्यांना पेशंटचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना फक्त इथे, दाराच्या या बाजूला, बसवत नव्हतं. रीत बरोबरच होती, याबद्दल त्याला आताही शंका नव्हती. पण बरोबर रीतसुद्धा बाहेरच्या माणसाला अशी सोलून काढते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कोणाला विचारलंही नव्हतं. त्याला एकदम दवाखान्याच्या त्या बाकांची लाज वाटली. बिनपाठीचे बाक होते ते.

दार उघडलं. वैदेहीचे डोळे ओले होते, पण आवाज ठाम होता. धम्मानंद सगळ्यांच्या आधी पुढे झाला.

"सांगितलंस?"

"ते त्या सांगतील, सर."

"ठीक आहे न ती?"

"सर, तेही त्याच सांगतील," ती म्हणाली आणि बाकीच्यांकडे वळली. "आईंनी बोलावलंय. सगळ्यांना एकदम नाही, एकेकाला. आधी मयुराताई."

मयुरा दचकून उठली. "मी?" तिने नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, पदर सावरला आणि आत गेली. धम्मानंद तिच्या मागून निघाला, तसा वैदेहीने दारावर हात ठेवला.

"त्यानंतर बाबा. मग अंकुशभाऊ, मग दीप्तीताई," ती म्हणाली. "तुम्ही शेवटी, सर. हा क्रम त्यांनीच लावलाय."

दार पुन्हा लागलं. धम्मानंद थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग तो मागे फिरला आणि बाकापाशी आला.

"बाबा, थोडं सरका," तो म्हणाला.